टाळूचे छप्पर, नाकाची जमीन

मूल तोंड उघडे टाकून झोपते, घोरते आणि सकाळी कोरड्या घशाने उठते. घरातली वडील माणसे म्हणतात, “सवयच आहे त्याची!” पण वाचकहो, अशी सवय कोणी हौसेने लावून घेत नाही. नाकाची वाट अडली म्हणजे तोंड उघडावेच लागते.

टाळू हे तोंडाचे छप्पर आणि तीच नाकाची जमीन. छप्पर अरुंद, तर वरची माडीही अरुंद! लहानपणी टाळूच्या दोन्ही भागांमधला सांधा पुरता जुळलेला नसतो. दंतवैद्य वरच्या दाढांना स्क्रू असलेली पट्टी बसवतात. आईवडिलांनी ती सांगितल्याप्रमाणे किल्लीने फिरवायची. एका वेळी सुमारे पाव मिलिमीटर. पुढच्या दातांत फट पडते, तेव्हा घाबरू नये. सांधा उघडल्याची ती खूण. नवे हाड भरेपर्यंत काही महिने पट्टी तशीच ठेवतात. अमेरिकेत एमर्सन एंजल यांनी १८६० सालीच ही युक्ती प्रसिद्ध केली होती.

पुष्कळ मुलांचे नाक याने मोकळे होते, पण सर्वांचे नव्हे. नाकामागची गाठ वाढली असेल किंवा अॅलर्जी असेल, तर आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठावे. जबडा अरुंद नसताना केवळ श्वासासाठी स्क्रू बसवून घेऊ नये. आणि ऐन तारुण्यात सांधा घट्ट झाला की काम अवघड होते.

शहरात दंतवैद्य कोपऱ्यावर भेटतो. मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या आईने काय करावे? विहीगावमार्गे कसारा, पुढे लोकलने मुंबई. १९३३ पासूनचे नायर दंत महाविद्यालय तिथे आहे. पण प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून निदान तरी गावातच व्हावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळाशाळांतून मुले तपासते, दातही पाहते. मात्र डॉक्टर मुलाला पाहतात दिवसा, आणि दुखणे दिसते रात्री! ते आईनेच सांगायला हवे. आश्रमशाळेत आई जवळ नसते. तिथे हे काम अधीक्षिकाबाईंचे.

तेव्हा या दिवाळीत, पहाटेच्या अभ्यंगाआधी, झोपलेल्या मुलांकडे क्षणभर पाहा. ओठ मिटलेले आहेत ना? चोंदल्या नाकाला चकलीचा खमंगपणा कुठून कळणार?