हजेरी मोजली, सत्ता मोजली नाही

२०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो व मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून ‘यादृच्छिक प्रयोग’ या शब्दाला मोठे वजन आले आहे. (अनुवाद करताना हा जड शब्द वारंवार हाताखाली येतो, साध्या मराठीत त्याचा अर्थ चिठ्ठ्या टाकणे.) गावे, शाळा वा दवाखाने यांचे चिठ्ठीने दोन गट पाडावयाचे, एका गटाला योजना द्यावयाची, दुसऱ्याला नाही, आणि फरक मोजावयाचा.

ही पद्धत सर्वस्वी त्याज्य आहे असे नव्हे. सूक्ष्मकर्जाने दारिद्र्य हटते, हा डांगोरा पिटला जात असताना हैदराबादच्या १०४ वस्त्यांतील प्रयोगानेच त्यातील हवा काढून घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत कुटुंबाचा एकूण उपभोग वा स्त्रियांचे स्थान यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

परंतु उदयपूर जिल्ह्यातील दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला २००३ साली ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत सुरू झाला. शिक्षकाचे छायाचित्र विद्यार्थ्याने रोज दोनदा काढावयाचे आणि पगार हजेरीवर द्यावयाचा. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण तुलनेच्या गटातील शिक्षकाला दरमहा १००० रुपये मिळत होते. कॅमेऱ्याच्या शाळेत दहा दिवसांहून कमी हजेरी भरली, तर ५००. एवढ्या वेतनावर, नोकरीच्या शाश्वतीविना, एका माणसाने सारी शाळा का चालवावी, हा प्रश्न कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेला नव्हता.

दुसरा प्रयोग सरकारी आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकांवर झाला. हजेरीची वेळ यंत्रावर नोंदवावयाची, गैरहजर राहिल्यास पगार कापावयाचा. प्रारंभी हजेरी वाढली. सोळा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक उरला नाही. यंत्रे तीच होती, परिचारिकाही त्याच. आरोग्य प्रशासनानेच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवीत नेऊन योजना पोखरली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाला संशोधकांनी ‘प्रेतावर मलमपट्टी’ अशा अर्थाचे शीर्षक दिले, हा त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

मात्र त्या निबंधातील खरा शोध चिठ्ठीतून निघालेला नाही. सूट देणारे अधिकारी कोणत्याही गटात नव्हते, आणि उपकेंद्राच्या बंद दारावरून परतणाऱ्या आदिवासी स्त्रीला त्यांना जाब विचारण्याचा मार्गही नव्हता.