विश्लेषण : पनवेलची गाडी परदेशात न्यायची? आधी विमा, मग नकाशा!

पनवेलहून सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. त्यावरून सहकुटुंब कोकण, गोवा, केरळ करून आलेल्यांना पुढची हौस असते ती गाडीने परदेश पाहण्याची. कुणाला स्वतःच्या ‘एमएच ४६’ गाडीने नेपाळ गाठायचे असते, तर कुणाला विमानाने उतरून तिथे गाडी भाड्याने घ्यायची असते. मात्र तयारीत हॉटेल आणि मार्ग आधी ठरतात, विम्याचा कागद शेवटी आठवतो. हा क्रम उलटा का हवा, हे समजून घेऊ.

स्वतःच्या गाडीने कुठपर्यंत जाता येते?

व्यवहारात दोनच देश : नेपाळ आणि भूतान. अटारी सीमा एप्रिल २०२५ पासून बंद आहे आणि म्यानमारमधील संघर्षामुळे पूर्वेचा रस्ताही भरवशाचा नाही. गाडी जहाजाने पाठवून पुढे जायचे, तर अनेक देश ‘कार्नेट’ मागतात. गाडी तात्पुरती आणली आहे, ती तिथे विकली जाणार नाही, याची सीमाशुल्क विभागाला दिलेली ही हमी. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कार्नेट मिळते. मात्र त्यासाठी मोठ्या रकमेची हमी लागते, त्यामुळे सामान्य कुटुंबाच्या सुट्टीसाठी हा मार्ग नाही.

नेपाळ, भूतानसाठी काय लागते?

पनवेलपासून उत्तर प्रदेशातील सोनौली सीमा दीड हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथे ‘भन्सार’ म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयात दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून गाडीचा परवाना घ्यावा लागतो. मुक्काम वाढला तर परवानाही वाढवावा लागतो. भूतानमध्ये फुन्शोलिंगहून प्रवेश होतो. तिथे भारतीय पर्यटकाला प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, गाडीचे शुल्क वेगळे.

या दोन्ही देशांसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ या वयोगटात केवळ आधार कार्ड चालत नाही. हजारो किलोमीटर गाडी हाकून सीमेवर हे कळले, तर सुट्टी तिथेच संपते.

विम्याचा प्रश्न एवढा मोठा का?

आपल्या मोटार विम्याच्या पॉलिसीत ‘भौगोलिक क्षेत्र’ असा रकाना असतो आणि त्यात साधारणपणे ‘भारत’ एवढेच लिहिलेले असते. म्हणजे सीमेची कमान ओलांडली की पॉलिसी हातात असून नसल्यासारखी. पादचाऱ्याला धक्का लागला, गाडी दरीत गेली, तर भरपाई स्वतःच्या खिशातून.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत हे क्षेत्र वाढवून घेता येते. भारतीय मोटार दरपत्रकात त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसीला ५०० रुपये आणि केवळ त्रयस्थ पक्ष पॉलिसीला १०० रुपये असा जादा हप्ता नमूद आहे. कंपनीकडून आजचा आकडा विचारावा आणि वाढीचे लेखी पृष्ठांकन घ्यावे. एजंटचे ‘चालतंय, काही होत नाही’ हे वाक्य दावा करताना कामाला येत नाही.

गाडी तिथेच भाड्याने घेतली तर?

मग आंतरराष्ट्रीय वाहन परवाना महत्त्वाचा. पत्ता पनवेल हद्दीत असेल तर पनवेल आरटीओकडे ‘परिवहन’ पोर्टलवरून अर्ज करता येतो. अर्ज नमुना ४ए, शुल्क १,००० रुपये. मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, जे आधी असेल ते. हा परवाना स्वतंत्र नाही, त्यामुळे मूळ लायसन्स सोबत हवेच. डिजिलॉकरमधील प्रत तिथे चालेल असे गृहीत धरू नये.

हा परवाना सगळीकडे सारखा चालत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असल्याने तो जपानमध्ये चालतो, चीनमध्ये चालत नाही. श्रीलंकेत त्यावर तिथल्या ऑटोमोबाइल संस्थेची मान्यता किंवा तात्पुरते स्थानिक लायसन्स लागते. ब्रिटनमध्ये पर्यटकाला भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते.

भाड्याचा करार सही करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. अपघात झाल्यास स्वतः किती रक्कम भरायची? काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग विम्यात आहे का? दुसरा चालक नोंदवला आहे का? नोंद नसलेल्या भावाने किंवा पत्नीने गाडी चालवली, तर विमा नाकारला जाऊ शकतो. अनेक कंपन्या अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच क्रेडिट कार्डवर अडवून ठेवतात, डेबिट कार्डावर गाडी मिळेलच असे नाही. इटलीतील जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. तिथला कॅमेऱ्याचा दंड घरी परतल्यावर पोहोचतो.

मग तयारीचा क्रम कोणता?

आधी देश आणि तिथला लायसन्सचा नियम, मग विमा, मग ओळखपत्रे, आणि शेवटी हॉटेल व मार्ग. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे संमतीपत्रही सोबत हवे.

जबाबदारी केवळ प्रवाशाची नाही. आरटीओने हा परवाना देताना तो कुठे चालतो आणि कुठे नाही, याचे एक पान मराठीत दिले, तर खर्च नगण्य आणि उपयोग मोठा. विमा कंपन्यांनीही ‘भौगोलिक क्षेत्र’ हा रकाना पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ठळक आणि ग्राहकाच्या भाषेत छापायला हवा. परक्या मुलुखात अपघात झाला, तर एका कुटुंबाची वर्षांची बचत आणि समोरच्या जखमीची भरपाई, दोन्ही त्या एका ओळीवर अवलंबून असतात. ती ओळ घर सोडण्यापूर्वी वाचलेली बरी.