वाढत्या अंगाचे

गेल्या रविवारी माझा भाचा महूहून माधव नगरला आमच्या घरी आला. सोबत त्याचा अकरा वर्षांचा चिरंजीव आणि हातात गोल्फच्या साहित्याची एक रंगीत पुस्तिका. महूच्या लष्करी छावणीत गोल्फचे मैदान आहे. तेथील खेळ पाहून या मुलाला त्याचा ध्यास लागलेला.

"मामा, चौदा क्लबांचा पुरा संच घ्यावा म्हणतो. मोठ्या माणसांचाच घेतो, म्हणजे पुन्हा खर्च नको," भाचा म्हणाला. संचाची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. त्यासाठी कर्ज काढण्याचीही त्याची तयारी होती.

वाढत्या अंगाचे घेणे ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची जुनी रीत. सदरा, बूट, छत्री, सारे पुढील दोन वर्षांचा विचार करून घ्यावयाचे. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी अशीच वाढत्या अंगाची बॅट आणली. चेंडू निघून जाई, तेव्हा कोठे माझी बॅट खाली येई. मुले हसू लागली आणि अभ्यासाचे निमित्त सांगून मी मैदान सोडले. वडिलांचे पैसे वाया गेले हे त्यांना कळू नये म्हणून दर रविवारी त्या बॅटीला तेल मात्र लावीत असे. ही गोष्ट भाच्याला सांगितली, तीही आयुष्यात प्रथमच.

मला गोल्फ येत नाही. म्हणून सैन्यात असलेल्या आणि हा खेळ खेळणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. शिष्याने गुरूला दिलेला तो धडा वाचकांच्याही उपयोगी पडावा.

चौदा ही नियमाने ठरविलेली कमाल संख्या आहे. तेवढे क्लब हवेतच असे नाही. नवशिक्याला पाच-सहा पुरतात: लांब टोल्यासाठी एक 'वुड', सात व नऊ क्रमांकांची 'आयर्न', जवळच्या उंच टोल्यासाठी 'वेज' आणि चेंडू खळग्यात घालण्यासाठी 'पटर'. आयर्नचा क्रमांक जसा वाढतो तसा पात्याचा उतार वाढतो. चेंडू अधिक उंच जातो व जवळ पडतो. सुरुवात सात क्रमांकाने करणे सोयीचे. ज्याची मागील बाजू खोलगट असते असे आयर्न घ्यावे. त्याचे वजन कडांकडे विभागलेले असल्याने टोला थोडा चुकला तरी चेंडू फारसा भरकटत नाही. जुना संचही चालतो. मुठीवरचे झिजलेले रबर बदलून मिळते.

मुलासाठी मात्र क्लब त्याच्या उंचीचा आणि हलक्या दांड्याचाच हवा. लांब, जड क्लब पेलताना मूल अंग वाकडे करते आणि ती ढब एकदा अंगवळणी पडली की मोडणे कठीण. मोठ्यांचा क्लब कापूनही काम भागत नाही. माथ्याचे वजन तेवढेच राहते आणि आखूड दांडा अधिकच ताठ होतो.

आणि घाई तरी कशाची? महूचेच मुकेश कुमार देशातील शंभराहून अधिक स्पर्धा जिंकलेले खेळाडू. २०१६ साली दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकून त्यांनी आशियाई दौऱ्यावरील पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा त्यांचे वय ५१ होते! या खेळात वाढायला पुष्कळ अवधी असतो.

भाच्याने पुस्तिका मिटली. मुलाला दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने उंचीची खूण केली आणि टेप मागितली. मुलगा मला म्हणाला, "आजोबा, तुमच्या बाबांना तुम्ही सांगितलं का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. वाचकहो, आपल्या घरातील मूल काही सांगत नसेल, तर खरेदीपूर्वी आपणच त्याला विचारावे, एवढेच सुचवितो.