मोटारीच्या पोटाखालीं

दसऱ्यास आपण मोटारीला झेंडूची माळ घालतों, काचा पुसतों, कुंकवाचें स्वस्तिक काढतों. परंतु तिच्या पोटाखालीं वांकून पाहणारा गृहस्थ विरळा. आम्हीही त्यांतले नव्हतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमची मोटार १९६८ सालची. आणि रत्नागिरीस आमच्या घरापासून समुद्र हांकेच्या अंतरावर. तीन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत नातीस शाळेंतून आणीत असतां घराजवळच्या उतारावर आम्ही ब्रेक दाबला, तों पेडल थेट तळाला टेकलें. गाडी थांबेना. हातब्रेक ओढला, तेव्हां ती जांभ्याच्या गडग्यापासून हातभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. नातीस गंमत वाटली. आमचे हात मात्र रात्रीं जेवतांनाही कांपत होते.

हातब्रेक तारेनें ओढला जातो, म्हणून तो उपयोगीं पडला. पायाचा दाब मात्र बारीक पोलादी नळ्यांतील द्रवाच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचतो. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत चारही चाकांस मिळून त्या द्रवाचा मार्ग एकच. एका जागीं भोंक पडलें कीं चारही चाकांचा ब्रेक गेला. आमची नळी मागल्या चाकाकडे जातांना पत्र्याच्या चापाखालीं फुटली होती. अशा जागीं चिखल अडकतो, आणि त्यांतील खार ओल धरून ठेवतो. त्यांतून दोन वर्षें आधीं आम्हींच तळाला डांबराचा जाड थर देवविला होता. गंज न खरवडतां दिलेल्या त्या लेपानें ओल आंत कोंडली आणि दोष दृष्टीआड केला. लोहाच्या मळास संस्कृतांत मंडूर म्हणतात. वैद्य त्याचें भस्म पांडुरोगावर देतात. मोटारीस मात्र तो मळ हाच रोग.

पावसाळा संपतांच, आणि समुद्रकाठीं महिन्यांतून एकदां, तळ गोड्या पाण्यानें धुवावा, चापांमागील चिखल काढावा व गाडी वाळूं द्यावी. मग पोलादी नळ्यांवर मेणयुक्त गंजरोधकाचा पातळ हात द्यावा. रबरी नळ्यांस तेल लागूं देऊं नये. वरवरचा तांबूसपणा पुसून निघतो. परंतु नखाला खड्डा लागल्यास घासत न बसतां नळी बदलावी. तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळाल्यास उत्तम. ती पोलादासारखी गंजत नाहीं. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीनें १९७६ पासून ती स्वीकारली. निव्वळ तांब्याची मात्र घेऊं नये. ती हादऱ्यांनीं चिरते.

गंज आंतूनही लागतो. ब्रेकचा द्रव हवेंतील ओल शोषतो. डॉट ३ जातीचा कोरडा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओल शोषलेला १४० अंशांच्या सुमारासही उकळूं शकतो. म्हणून दर दोन वर्षांनीं तो बदलावा. पातळी एकाएकीं उतरल्यास वरून ओतून समाधान मानूं नये. गळती सांपडेपर्यंत गाडी बाहेर काढूंच नये. आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये.

आतां आमच्याकडे दसऱ्याचा क्रम बदलला आहे. आदल्या दिवशीं गाडी कारखान्यांतील खड्ड्यावर उभी राहते. कारागीर विजेरी धरतो आणि आम्ही चष्मा सांवरीत एकेक चाप पाहतों. झेंडूची माळ त्यानंतर.