गळ्यातली सुरी ठेवा, पण दोरी बघून

रानात जाताना तंबाखूची चंची कुणी विसरत नाही, छोटी सुरी मात्र बऱ्याच जणांजवळ नसते. मग सुतळी दाताने तोडायची, ठिबकची नळी विळ्याने कापायची आणि वासराच्या मानेला दावं आवळलं की कोयता घेऊन धावायचं. धडपडणाऱ्या जनावराच्या मानेपाशी कोयता नेणं म्हणजे दाव्याऐवजी वासरूच कापायचं! दोन-अडीच इंच पात्याची सुरी अंगावर असलीच पाहिजे, या मताचा मी आहे.

ठेवायची कुठे? खिशातला घडीचा चाकू चिखलाच्या हातांनी उघडत नाही, घडीत माती बसते. म्हणून न मिटणारी सुरी गळ्यात अडकवण्याची पद्धत निघाली. तिचं म्यान उलटं टांगतात. मूठ खाली, पातं वर. खाली ओढली की सुरी हातात. पण टोक गळ्याच्या दिशेला असतं, हे लक्षात घ्या. म्यान टोकाकडून पूर्ण बंद आणि कडक हवं. ते उलटं धरून चार-पाच झटके द्या. सुरी निसटली तर ते म्यान कामाचं नाही. चामड्याचं म्यान घामाने नरम पडतं आणि पात्याला गंजही लावतं. सुरी मात्र गावचा लोहार गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून झकास करून देतो. वापरून झाली की पुसा, तेलाचं बोट फिरवा.

आता मुख्य गोष्ट, दोरी. आपल्याकडे हाताला लागेल ती नायलॉनची दोरी ओवतात. ती तुटत नाही, आणि हाच तिचा दोष. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. दांडा साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. दोरी त्यात गुंतली तर ‘बंद कर’ म्हणायलाही सवड मिळत नाही. मळणी यंत्राचा पट्टा आणि कडबाकुट्टीही तशीच. म्हणून दोरीची दोन टोकं शिवणाच्या कच्च्या दोऱ्याने जोडा, किंवा झटक्याने सुटणारी बारीक मण्यांची साखळी घ्या. खुंटीला अडकवून हिसका द्या, सुटली पाहिजे. तरीही चालू यंत्राजवळ जाताना सुरी काढूनच ठेवा, उपरणंसुद्धा. गळ्यातला ताईत जाड गोफात असेल तर त्यालाही हेच लागू.

मला विचाराल तर कंबर बरी. पट्ट्याला नाहीतर करदोड्याला म्यान घट्ट बांधावं. गळ्यातली सुरी फवारणीचा पंप पाठीवर असताना किंवा झाडावर चढताना सोयीची, एवढं मान्य.

सुरी जवळ आहे म्हणून सर्पदंशाच्या जागी चीर देऊ नका. त्याने विष उतरत नाही, रक्त जातं. घट्ट आवळपट्टीही नको. माणसाला न हलवता, गाडीत आडवं घालून, लस असलेल्या दवाखान्यात न्या.

पोलीस पाटलांना लोक विचारतात, म्हणून कायद्याचंही सांगतो. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात; शेती व घरकामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे आपली सुरी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला असेल, तेव्हा सुरी घरच्या खुंटीला टांगून मगच जत्रेला किंवा सभेला निघा.