लाटांनी घडवलेला किनारा

समुद्राची लाट किनाऱ्याला नुसती शिवून परत जात नाही. ती वाळू-गोटे घेऊन खडकावर आदळते, फटींत शिरते आणि खडक खिळखिळा करते. रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला हे काम फार सुंदर दिसते. ओहोटी लागली की तिथे कड्याच्या पायथ्याशी सपाट कातळ उघडा पडतो. पूर्वी कडा पुढे, समुद्राकडे होता. लाटांनी त्याचा पायथा पोखरला, वरचा भाग कोसळला आणि कडा मागे हटत गेला; उरला तो हा सपाट कातळ. तिथल्या खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी भोके आहेत. खारे पाणी खडकात मुरते, वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटतात. मीठ दगड फोडते, हे मुलांनी त्या भोकांवरून बोट फिरवूनच पाहावे.

झिजलेल्या दगडाची वाळू होते. नद्याही गाळ आणतात. लाटांचा जोर कमी असतो तिथे ही वाळू साठून पुळण तयार होते. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात; पुढे संथ लाटा त्यातली बरीच परत आणून टाकतात.