वय चोरतं कोण आणि शिक्षा कुणाला?

शालेय स्पर्धांचे दिवस आले की ग्राउंडवर एक विनोद हमखास ऐकू येतो. १४ वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला एखादा पोरगा दिसला की कुणीतरी म्हणतं, "अरे, याला लग्नाला स्थळं बघायला लागा!" सगळे हसतात आणि मॅच सुरू होते. मला या विनोदाचं हसू येणं कधीच थांबलंय. कारण समोरच्या टीममध्ये खरोखरच १३ वर्षांचा, किरकोळ अंगाचा एक मुलगा असतो. तो हरतो, आपल्यात दम नाही असं समजतो आणि वर्षभरात ग्राउंडवर यायचा बंद होतो. त्याची कुठेच नोंद होत नाही.

वयचोरीवर बोलताना आपण 'पोरं फार बनेल झालीत' असं म्हणून मोकळे होतो. पण विचार करा, सातवी-आठवीतल्या मुलाला जन्मदाखला नव्यानं कुठून काढायचा, अॅफिडेव्हिट कसं करायचं, कोणत्या शाळेत नाव टाकलं की जुनी तारीख मागे पडते, हे कळतं का? हे मोठ्या माणसांचं काम आहे. बऱ्याचदा वडिलांचं आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या सरांचं. एका पालकांना मी याबद्दल विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "सर म्हणाले सगळेच करतात, नाही केलं तर आपलाच पोरगा मागे राहील." वाईट माणूस नव्हता तो. त्याचा सरांवर विश्वास होता, एवढंच.

आणि मुद्दा हाच आहे. आपल्याकडे कोचचा शब्द आईबापाच्या वरचा असतो. मुलगा घरी भाजी खात नाही, पण सरांनी सांगितलं तर कारलंही खातो. टीममध्ये कोण, बाकावर कोण, स्पर्धेला कोण जाणार, सगळं सरांच्या हातात. त्यात पुढचे फायदेही आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्या आरक्षणासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं काढल्याची प्रकरणंही राज्यानं पाहिली आहेत. एवढी सत्ता ज्याच्या हाती, त्यानंच मुलाला पहिला धडा 'तारीख खोटी सांग' असा दिला, तर पुढे तो मुलगा डोपिंगला किंवा फिक्सिंगला नाही म्हणेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

राहुल द्रविड २०१५ साली पतौडी व्याख्यानात नेमकं हेच बोलला होता. मुलाला त्याचीच मोठी माणसं खोटं बोलायला शिकवताहेत, ही त्याची खंत होती. तेव्हा तो १९ वर्षांखालच्या संघाचा कोच होता. पुढच्याच वर्षी बीसीसीआयनं नियम केला की एका खेळाडूला १९ वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळता येईल. यामागे द्रविडचाच आग्रह होता. म्हणजे अनुभवी पोरं पुन्हा उतरवून कप जिंकायची सोय त्यानं स्वतःच बंद केली. २०१८ला नव्या पोरांनी कप जिंकला. तेव्हा बोर्डानं त्याला ५० लाख, खेळाडूंना ३० लाख आणि बाकी स्टाफला २० लाख जाहीर केले. हा फरक त्याला पटला नाही. शेवटी त्याच्यासकट सगळ्या स्टाफला २५-२५ लाख मिळाले, म्हणजे त्याची रक्कम निम्मी झाली. मुलं हे सगळं बघत असतात. नेतृत्वावर भाषण ठोकायची गरज उरत नाही.

कुणी म्हणेल, द्रविडला परवडतं. खरंय. तालुक्याच्या क्रीडाशिक्षकाची नोकरी कंत्राटी असते, संस्थेला बॅनरवर लावायला ट्रॉफी हवी असते, अकॅडमी चालवणाऱ्याला पुढच्या बॅचची अॅडमिशन हवी असते. हा दबाव मी नाकारत नाही. पण त्याची किंमत पोरानं का मोजायची? १६ वर्षांचा मुलगा १४च्या गटात नुसत्या ताकदीवर जिंकतो, त्यामुळे तंत्र शिकायची त्याला गरजच वाटत नाही. चार वर्षांनी बाकीचे अंगानं बरोबरीला येतात आणि हा मागे पडतो. म्हणजे ज्याच्यासाठी खोटं केलं त्याचंही वाटोळं.

२०१० साली केंद्र सरकारनं वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, पण त्यात थोडा फरक पडू शकतो. म्हणजे अंगानं लवकर वाढलेला एखादा प्रामाणिक मुलगाही अडकू शकतो. बीसीसीआयनं २०२०मध्ये जाहीर केलं की स्वतःहून कबूल केलं तर माफी, सापडलात तर दोन वर्षं बंदी. चांगलंच आहे. पण बातमी येते तेव्हा नाव पोराचं असतं. सर पुढच्या वर्षी नवी बॅच घेऊन त्याच ग्राउंडवर उभे असतात.

माझं म्हणणं साधं आहे. प्रवेशिकेवर खेळाडूच्या वयाखाली कोचची सही जबाबदारी म्हणून घ्या. पोरगा वयचोरीत सापडला तर चौकशी आधी सरांची करा, आणि दुसऱ्यांदा त्यांचाच खेळाडू सापडला तर त्यांना स्पर्धेपासून लांब ठेवा. पुरस्कार देताना मेडल मोजता तसं हेही बघा.

आणि पालकांनो, अकॅडमीत नाव घालताना ट्रॉफीचं कपाट बघून येऊ नका. दहा वर्षांपूर्वी १४च्या गटात जिंकलेल्यांपैकी आज किती जण खेळताहेत, हे विचारा. सर उत्तर देतील किंवा विषय बदलतील. दोन्हीतून तुम्हाला कळायचं ते कळेल.